घरच्या अ‍ॅक्वेरियममधील माशांचे आजार: मराठवाड्याच्या पाण्यात निदान आणि उपचार

टाकीतील मासा कोपऱ्यात जाऊन बसला, त्याने खाणे सोडले किंवा त्याच्या अंगावर काही पांढरे दिसले, की बहुतेक घरांतून दुकानाकडे धाव घेतली जाते आणि निळ्या औषधाची छोटी बाटली घरी येते. हे निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर आणि अंड्यांच्या रक्षणासाठी ते उपयोगी आहे. परंतु कल्ल्यांतील चपट्या कृमींवर, पोटातील जंतांवर किंवा शरीरात शिरलेल्या जिवाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही आणि फिल्टरमध्ये वाढलेल्या उपयुक्त जिवाणूंना मात्र ते मारक ठरते. म्हणून औषध कोणते, हा प्रश्न शेवटी यावा. आधी पाणी तपासावे, मग रोग ओळखावा, मग टाकीत नेमके किती लिटर पाणी आहे ते मोजावे आणि त्यानंतरच बाटलीचे झाकण उघडावे. त्यातही आपल्या भागापुरती एक अडचण अशी, की मत्स्यपालनाचे बरेचसे छापील सल्ले थंड हवेच्या आणि मृदू पाण्याच्या प्रदेशांत तयार झालेले आहेत. बीड किंवा जालन्याच्या मे महिन्यात ते जसेच्या तसे वापरले, तर रोगाआधी उपचारानेच मासा जाण्याची शक्यता असते.

आधी पाणी

मराठवाड्यात टाकीत येणारे पाणी मुख्यतः तीन वाटांनी येते: बोअरचे, टँकरचे आणि नळाचे. काळ्या बेसॉल्ट खडकातून आलेले बोअरचे पाणी सहसा जड असते आणि त्याचा सामू (पीएच) ७ च्या बराच वर असतो. ताज्या उपशाच्या पाण्यात प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड अधिक असू शकतो, म्हणून ते थेट टाकीत न ओतता बादलीत एअर पंपाचा दगड सोडून एक दिवस ठेवावे. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकलेली असते आणि तिचे प्रमाण फेरीगणिक बदलते. नळाचे पाणी अनेक शहरांत काही दिवसांआड येत असल्याने ते घरात साठवलेलेच असते व त्यातील क्लोरीन बहुधा उडून गेलेले असते. पण पाणी सुटल्या दिवशीच ते टाकीत भरले, तर क्लोरीन थेट कल्ल्यांवर जाते. दुकानात ‘हायपो’चे खडे मिळतात, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन घालवण्यास त्याचे सुमारे ७ मिलिग्रॅम पुरतात, त्यामुळे बादलीत मूठभर खडे टाकण्याचे काहीच कारण नाही.

जड आणि अल्कधर्मी पाण्याचा खरा धोका अमोनियाशी जोडलेला आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी एकच रूप तीव्र विषारी असते. पाण्याचे तापमान ३० अंश आणि सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या शंभर भागांपैकी पूर्ण एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला, की त्याच तापमानाला तो वाटा सात-आठ भागांवर जातो. म्हणजे दुसरीकडे खपून जाणारी अस्वच्छता आपल्या बोअरच्या पाण्यात खपत नाही. कल्ले लालभडक होणे, मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकणे, अंग घासणे ही लक्षणे अमोनियाचीही असतात आणि परजीवींचीही असतात. म्हणून अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे किट घरात असावे. कोणत्याही औषधापेक्षा त्यावर झालेला खर्च अधिक कामी येतो.

अमोनिया आढळल्यास दररोज तिसरा भाग पाणी बदलावे, हा नेहमीचा सल्ला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला हा सल्ला देताना थोडे थांबावे लागते. पाणी तुटपुंजे असेल, तर खाद्य दोन-तीन दिवस पूर्ण बंद करावे, कारण निरोगी मोठा मासा तेवढे दिवस सहज उपाशी राहतो आणि अमोनियाचा उगमच आटतो. त्यासोबत मासे कमी करावेत, हवा वाढवावी आणि जेवढे शक्य तेवढेच पाणी बदलावे. काढलेले पाणी औषध व मीठ नसेल तर कुंड्यांना घालता येते.

लिटर मोजल्याशिवाय औषध नाही

बाजारात ‘दोन फुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टाकीचे उदाहरण घेऊ. तिची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची, म्हणजे काचेची नव्हे तर तळापासून पाण्याच्या रेषेपर्यंतची, ३३ सेंटिमीटर असेल, तर तिन्हींचा गुणाकार ५९,४०० येतो. त्याला १,००० ने भागले की ५९ लिटर मिळतात. त्यातून खडी, दगड आणि शोभेच्या वस्तूंसाठी दहा ते पंधरा टक्के वजा केले, की हाती ५२ लिटर उरतात. दुकानदार हीच टाकी सत्तर लिटरची म्हणून सांगतो, आणि औषध त्या हिशेबाने दिले तर मात्रा तिसऱ्या भागाहून अधिक वाढते. पुढची सर्व उदाहरणे या ५२ लिटरांवर आहेत.

उपचाराच्या काळात फिल्टरमधील कार्बन काढून ठेवावा, कारण तो औषध शोषून घेतो. स्पंज मात्र तसाच चालू ठेवावा. शक्य असेल तेव्हा मूळ टाकीत औषध न घालता वीस-तीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबात आजारी माशावर उपचार करावेत. याला मोठा अपवाद पांढऱ्या ठिपक्यांचा आहे.

पांढरे ठिपके

रव्याच्या कणाएवढे, स्पष्ट कडा असलेले पांढरे ठिपके पर आणि अंगावर उमटले, मासा खडीवर अंग घासू लागला आणि त्याचे पर मिटलेले दिसू लागले, तर तो इक्थिऑफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीचा प्रादुर्भाव असतो. आपल्याकडे त्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. दिवसा खोली उबदार आणि पहाटे गारठलेली, पत्र्याचे छत आणि टाकीला हीटर नाही, असे जिथे असेल तिथे पाण्याचे तापमान रात्रीतून बरेच उतरते. परभणीत तर थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो. या चढउताराने माशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि टाकीत आधीच अल्प प्रमाणात असलेला परजीवी उचल खातो.

त्याचे जीवनचक्र समजल्याशिवाय उपचार साधत नाही. माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली तो वाढत असतो, तेव्हा कोणतेही औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती आवरण तयार करतो आणि आत विभागत राहतो. अशा एका गाठीतून शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले बाहेर पडतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात. औषध मारते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच तिसऱ्या दिवशी ठिपके गळून गेले, की ‘बरे झाले’ असे समजून औषध थांबवणारा माणूस नेमका चुकीच्या वेळी थांबतो: ठिपके दिसेनासे झाले, म्हणजे परजीवी तळाशी विभागत आहे. त्याच कारणाने आजारी मासा वेगळा काढूनही भागत नाही, पूर्ण टाकीवरच उपचार करावा लागतो.

पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र चार ते सहा दिवसांत पूर्ण होते, १५ अंशांच्या आसपास ते दोन आठवड्यांच्या घरात जाते. म्हणून थंडीत आधी हीटर लावून तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी चढवत २८ ते ३० वर आणावे, हवा वाढवावी आणि मग मीठ किंवा औषध सुरू करावे. मिठासाठी जाडे खडे मीठ चालते. लिटरमागे २ ग्रॅम या हिशेबाने ५२ लिटरांना १०४ ग्रॅम होतात. ते तीन भागांत, प्रत्येक भाग वेगळ्या भांड्यात विरघळवून, दीड दिवसात घालावे. कोरिडोरास, लोच यांसारख्या खवले नसलेल्या माशांना आणि जिवंत वनस्पतींना एवढे मीठ सोसत नाही, तिथे निम्म्यावर थांबावे. पाणी बदलले तर काढलेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याबरोबर मीठ जात नाही, ते टाकीतच राहते. मिठाने भागले नाही तर मॅलाकाइट ग्रीन असलेले औषध बाटलीवरील मात्रेने द्यावे, टेट्रा आणि खवले नसलेल्या माशांना निम्म्या मात्रेने. खाण्याच्या माशांसाठी हे रसायन निषिद्ध आहे आणि माणसालाही अपायकारक आहे, त्यामुळे हातमोजे आवश्यक आहेत. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवावा.

उन्हाळ्यात ठिपके दिसले तर

मे महिन्यात बंद खोलीतील टाकीचे पाणी ३२-३३ अंशांपर्यंत सहज जाते. इतक्या उष्ण पाण्यात वरील परजीवीची वाढ बहुधा खुंटते, म्हणून भर उन्हाळ्यात अंगावर पांढरे दिसले तर निदानाचा फेरविचार करावा. त्वचेपासून वर उचललेले, डोळ्यांवरही दिसणारे, कमी-अधिक आकाराचे पांढुरके पुंजके असतील तर ते एपिस्टायलिस नावाचे एकपेशीय जीव असू शकतात, जे घाण पाण्यात वाढतात. विजेरीचा उजेड तिरका पाडल्यावर अंगावर बारीक सोनेरी थर चमकला तर तो ‘व्हेल्व्हेट’ असतो; त्या परजीवीला प्रकाश लागतो, म्हणून औषधासोबत टाकी झाकून अंधार करावा.

सर्वांत घातक चूक होते ती कॉलम्नारिसच्या बाबतीत. तोंडाभोवती कापसासारखी पांढरी कड येते किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा पट्टा पडतो, आणि पाहणारा त्याला बुरशी समजून निळे औषध घालतो किंवा पांढरे ठिपके समजून हीटर चढवतो. हा जिवाणूंचा रोग असून उष्णतेत तो झपाट्याने वाढतो. तापलेल्या पाण्यात एक-दोन दिवसांत मासा दगावतो. इथे तापमान उतरवावे लागते. सुदैवाने आपली उन्हाळी हवा कोरडी असते आणि त्यामुळे टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅनचा वारा सोडला, तर बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी उतरते. खोलीत कूलर असेल तर उत्तमच. घटलेले पाणी भरताना बोअरचे न घालता आरओच्या जारचे घालावे, अन्यथा क्षार दर आठवड्याला साचत जातात. बर्फाचे तुकडे थेट टाकीत टाकू नयेत.

कॉलम्नारिसवर आणि झपाट्याने पसरणाऱ्या पर कुजण्यावर प्रतिजैविकाची गरज पडते. ऑक्सिटेट्रासायक्लिन सुचवले जाते, पण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याला बांधून ठेवतात आणि जड पाण्यात ओतलेले औषध बव्हंशी वाया जाते. मासा खात असेल, तर ते खाद्यातून देणे हाच मार्ग आहे, आणि मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावी. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मौल्यवान माशांच्या बाबतीत तिथे विचारणा करण्यात संकोच बाळगू नये.

डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे कृमी

गोल्डफिश व कोई माशांच्या अंगातून दोऱ्याच्या तुकड्यासारखे काही लोंबत असेल आणि त्याच्या मुळाशी लाल सूज असेल, तर तो लर्निया, म्हणजे अँकर वर्म. नावात कृमी असला तरी तो खेकडा-कोळंबीच्या कुळातील आहे. माशाला ओल्या सुती कापडात धरून, चिमटा शक्य तितका त्वचेलगत लावून, कृमी एका दिशेने सावकाश ओढावा. तो मध्येच तुटला तर डोके आत राहून जखम चिघळते. काढलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने पोव्हिडोन आयोडीन लावावे, मात्र ते कल्ल्यांना लागू देऊ नये. अंगावर दिसणाऱ्या माद्या काढल्या तरी पाण्यात त्यांची पिल्ले असतातच, त्यामुळे डायफ्लुबेन्झुरॉन असलेले औषध तीन-चार आठवडे पुन्हा पुन्हा द्यावे लागते. इथे एक सावधगिरी मुद्दाम नोंदवावीशी वाटते. कापसाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधे असतात आणि ‘किडे मारायचे तर यातलाच एक थेंब’ हा मोह होतो. त्या थेंबात किती सक्रिय द्रव्य आहे ते घरी मोजता येत नाही आणि त्यातील अनेक द्रव्ये अत्यल्प प्रमाणातही माशांना मारतात. फवारणीहून आल्यावर हात न धुता टाकीत घालणे आणि उघड्या टाकीजवळ डासांचा स्प्रे मारणे, हेही तितकेच धोक्याचे आहे.

गप्पी, मॉली यांच्या गुदद्वारातून लालसर बारीक केसांसारखे टोक बाहेर डोकावत असेल, तर ते कॅमॅलॅनस जातीचे जंत असतात. यावर लेव्हामिसोल हे औषध चांगले चालते आणि ते शेळ्या-मेंढ्यांना पाजण्यासाठी पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळते. मात्र शेळ्यांसाठीच्या अनेक बाटल्यांत लेव्हामिसोलबरोबर ऑक्सिक्लोझॅनाइडही मिसळलेले असते. तशी बाटली घेऊ नये, लेबलावर केवळ लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड असल्याची खात्री करावी. लिटरमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे ५२ लिटरांना १०४ मिलिग्रॅम औषध घालून टाकी चोवीस तास झाकून अंधारात ठेवावी. हे औषध जंतांना बधिर करून बाहेर पाडते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तळ नळीने शोषून स्वच्छ करणे आणि निम्मे पाणी बदलणे हा उपचाराचाच भाग समजावा. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा मात्रा द्यावी. आयव्हरमेक्टिन मात्र गोठ्यात कितीही गुणकारी ठरत असले, तरी माशांना देऊ नये.

एकच कल्ला जोरात हलणे, दुसरा मिटलेला असणे, अंगावर शेंबडासारखा थर येणे, पण एकही ठिपका नसणे, हे चपट्या कृमींचे लक्षण आहे. प्राझिक्वांटेल लिटरमागे २ मिलिग्रॅम द्यावे आणि आठवड्याने पुन्हा द्यावे, कारण कल्ल्यांतील जात अंडी घालते व अंड्यांवर औषध चालत नाही. निदान पक्के करायचे असेल, तर जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत विनंती करून सूक्ष्मदर्शक वापरावा. माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडून, टाकीतीलच पाण्याच्या थेंबात ठेवून लगेच पाहिला, तर शंभरपट मोठ्या प्रतिमेत आकड्यांनी चिकटून वळवळणारा कृमी आणि घोड्याच्या नालासारखे केंद्रक घेऊन गोल फिरणारा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, यांत गोंधळ होण्याची शक्यताच उरत नाही.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, डिस्कस हे मासे खाणे सोडून पांढरी, धाग्यासारखी विष्ठा टाकू लागले आणि डोक्यावर खड्डे पडू लागले, तर आतड्यातील एकपेशीय परजीवींचा संशय घ्यावा. मेट्रोनिडॅझोल लिटरमागे ६ ते ८ मिलिग्रॅम लागते. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी बारीक कुटून विरघळवली, की आपल्या ५२ लिटरांना ती बरोबर पुरते. दोन दिवसांआड चौथा भाग पाणी बदलून अशा तीन मात्रा द्याव्यात. हे औषध चिठ्ठीवर मिळते, तेव्हा पशुवैद्यकाकडून चिठ्ठी घ्यावी. मासा खात असेल तर खाद्यात मिसळणे अधिक परिणामकारक ठरते.

पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर मूत्रपिंड निकामी झालेले असते आणि आशा थोडी असते. त्या अवस्थेतील माशाला आठवडाभर निरनिराळ्या औषधांत बुडवत ठेवण्यापेक्षा, लवंगेचे तेल थोड्या कोमट पाण्यात घुसळून लिटरमागे ०.४ मिलिलिटर या प्रमाणात वेगळ्या भांड्यात मिसळावे आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही माशाला वीस मिनिटे त्यातच ठेवावे, हे मला अधिक योग्य वाटते.

रोग घरात येतो कुठून

बहुधा पिशवीतून. चेन्नईतील कोळत्तूर किंवा कोलकात्याहून निघालेला मासा मुंबईमार्गे नांदेडच्या दुकानात पोहोचेपर्यंत अनेक टाक्यांचे पाणी त्याने अनुभवलेले असते. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीने हाताळत ठेवावा आणि पिशवीतील पाणी टाकीत कधीही ओतू नये. खाद्य म्हणून मिळणारे, गटाराच्या गाळात वाढलेले जिवंत ट्युबिफेक्स कृमी स्वस्त असले तरी टाळावेत. उपचार सुरू असताना वीज गेली तर धोका दुप्पट होतो, कारण समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो तर ३२ अंशांना सव्वासातच, आणि फॉर्मालिनसारखी औषधे त्यातलाही काही खाऊन टाकतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप नसेल, तर भारनियमनाच्या वेळा पाहूनच औषध घालावे आणि निकडीच्या वेळी तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहावे.

हातावर जखम असताना टाकीत हात घालू नये. माशांच्या क्षयाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मरायनम, माणसाच्या त्वचेत शिरून काही आठवड्यांनी न भरणारी गाठ निर्माण करतो. अशी गाठ आली तर घरी मासे आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. औषध घातलेले पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाजवळ सोडू नये आणि आजारी मासा ‘जगला तर जगेल’ म्हणून तलावात तर मुळीच सोडू नये. मेलेला मासा खोल पुरावा. जाळी, नळी आणि टब उपचारानंतर धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवले, की पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी त्यांवर तग धरत नाही. क्षयाचा संशय असलेल्या टाकीच्या जाळीला मात्र ऊन पुरत नाही, ती टाकूनच द्यावी.